सायाळबाई आणि खाडाखोडीचं पाप

एका जंगलात, बरं का बाळांनो, सायाळबाई राजाच्या दप्तरात कारकून होत्या. पाठीवरचाच एक काटा उपसायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि सागाच्या पानावर लिहायचं, हे त्यांचं काम.

बाई नवी पद्धत शिकून आल्या होत्या. लिहिलेल्या पानाला पुन्हा हात म्हणून लावायचा नाही. जुनं पान वाचायचं, बदल मनात करायचा आणि सगळा मजकूर नव्या पानावर उतरवायचा.

"खाडाखोड करणारे रानटी असतात," बाई म्हणत. ऐकणारे सगळे रानटीच होते, पण कुणी मनावर घेतलं नाही.

एके दिवशी पट्टेराव वाघ दप्तरात आला. राजाचा हुकूम टांगलेला होता : 'सशांना खाऊ नये.'

"बाई, त्या 'खाऊ नये'चं 'खावे' करा."

बाईंचे काटे उभे राहिले. ससे त्यांचे शेजारी होते. पण वाघ त्याहून जवळ होता.

"खोडणार नाही. नवी प्रत देते," बाई म्हणाल्या आणि जुन्या पानाशेजारी नवं पान टांगलं : 'सशांना खावे.'

म्हातारे ससेबुवा धापा टाकत आले. "बाई, आमचं काय?"

"तुमचा हुकूम जागेवर आहे हो! अक्षर हललेलं नाही."

"आणि वाघाचा?"

"तोही शुद्ध आहे."

ससेबुवांनी दोन्ही पानं वाचून पाहिली. मग म्हणाले, "त्याच्यात 'विचारून' घाला. 'सशांना विचारून खावे.'"

नवं पान. वाघाने 'न विचारता' करून घेतलं. नवं पान. माकडाला समासात आपलं नाव हवं होतं. हत्तीला अक्षर मोठं हवं होतं. एका पूर्णविरामासाठी अख्खं पान! बाईंना जेवायचं भान उरलं नाही.

सागाची पानं संपली. मग पळसाची. मग झुडपांची.

पट्टेराव शिकारीला दबा धरून बसला, तर झुडपाच्या नुसत्या काड्या. त्याचे पट्टे पार टेकडीवरून दिसत होते.

"नमस्कार, पट्टेराव!" ससे लांबूनच ओरडले आणि बिळात गेले.

पोट खपाटीला गेलेला वाघ दप्तरात आला. "बाई, पाया पडतो. झाडं होती तशी करा!"

बाईंनी काटा रसात बुडवला.

"करते की. जुनी प्रत आणलीय?"

तात्पर्य : मूळ प्रतीला कधीही हात लावू नये. मूळ जंगलाला लावला तर चालतो.