लिनक्सवर चालते काय?

आमच्या गल्लीतले दिगांबरभाऊ कोणतीही वस्तू घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारतात, "लिनक्सवर चालते काय?" प्रिंटर घेताना विचारलं, ते ठीक. पण वाशीमच्या बाजारात मिक्सर घेतानाही विचारलं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, हा लाइटवर चालते." भाऊ म्हणाले, "मंग हरकत नाही."

भाऊ कोर्टातून बेलिफ म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी लोकांच्या दारात जाऊन समन्स बजावण्यात गेली. अजूनही ते खांद्याला झोळी अडकवून एखाद्या गावात शिरले, की दोनचार माणसं मागच्या दाराने वावरात पळतात. झोळीत आता जुना लॅपटॉप असतो आणि त्यात लिनक्स. म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली, जी कोणीही घ्यावी, कोणीही उघडून पाहावी. चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या घरी भाऊ चहा पीत नाहीत. "दुसऱ्याच्या वावरातला कापूस येचून आपल्या गादीत भरल्यावानी हाये ते. झोप कशी लागते बे तुमाले?"

मला उत्तम लागायची. तरी एका रविवारी "सरका मास्तर" म्हणत त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवरही लिनक्स बसवलं. तेव्हापासून माझ्या प्रिंटरने मौन धरलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात भाऊंना अचानक 'डब्बा' हवा झाला. माइकचा आवाज स्वच्छपणे कॉम्प्युटरात नेणारं एक यंत्र असतं, त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. भाऊंच्या भाषेत डब्बा. भाऊ स्वतः गात नाहीत, याबद्दल आमची गल्ली त्यांची ऋणी आहे. मग डब्बा कशाला? ते सांगेनात. मला मात्र मोटरसायकलसकट ताब्यात घेतलं आणि आम्ही अकोल्याला गेलो.

पहिल्या दुकानदाराने नेहमीचा प्रश्न ऐकून घेतला आणि बिनदिक्कत सांगितलं, "सगळ्यावर चालते, काका."

भाऊंनी काउंटरवरच लॅपटॉप उघडला, डब्बा जोडला. गाणं वाजलं, पण माइकमध्ये बोललेलं काही आत जाईना.

"त्याच्यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर टाका लागते," दुकानदार म्हणाला.

"ते लिनक्ससाठी हाये?"

"नाही."

"मंग चालते काहून म्हणता? हे तं पांगुळगाडा धरून चालते!"

दुसऱ्या दुकानातल्या डब्ब्याने आधी ईमेल आणि फोन नंबर मागितला. भाऊ भडकले. "डब्ब्याले माहा नंबर कायले पाह्यजे? मी काय त्याच्यासंगं सोयरीक करून राह्यलो?" तिसऱ्या दुकानात आम्ही आत शिरलो तेव्हाच मालक जेवायला निघून गेला. बहुधा आधीच्या दोघांनी फोन केला असावा.

परतताना एका टपरीवर चहाला थांबलो. मी वैतागून म्हणालो, "भाऊ, मोबाईलवर करा ना काय रेकॉर्ड करायचं ते."

"करून पाह्यलं. मच्छर गुणगुणल्यासारखा येते त्याचा आवाज."

"कोणाचा?"

"शेषरावचा." भाऊंनी कप खाली ठेवला. "पुढच्या आठवड्यात नागपूरले ऑपरेशन हाये. गळ्यातलं स्वरयंत्रच काढतात म्हणे."

शेषराव म्हणजे वाशीमजवळच्या अनसिंग गावच्या भजनी मंडळाचा खडा आवाज. भाऊंचा शाळेपासूनचा दोस्त. मी चहाचे पैसे दिले आणि मोटरसायकलला किक मारली.

डब्बा शेवटी वाशीममध्येच मिळाला. लग्नात ऑर्केस्ट्रा वाजवणाऱ्या एका माणसाकडे जुना, काळा, ओरखडे पडलेला पडून होता. भाऊंनी वायर जोडली. त्याने ना सॉफ्टवेअर मागितलं, ना नंबर. भाऊ माइकमध्ये खाकरले आणि पडद्यावरची आवाजाची हिरवी पट्टी टुणकन उडाली. भाऊंनी त्या ओरखडलेल्या डब्ब्यावरून असा हात फिरवला, की ऑर्केस्ट्रावाला ओशाळून दुसरीकडे बघू लागला.

आम्ही तसेच अनसिंगला गेलो. शेषराव अंगणात बाजेवर बसले होते. माइक समोर येताच त्यांनी पाठ ताठ केली, अभंगाला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला खोकल्याने वाकले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. त्यांचे डोळे भरून आले.

"गाणं राहू दे," भाऊ म्हणाले. "तुहं गाणं मंडळात सगळ्यापाशी हाये. मले शिव्या दे."

"काय?"

"रोज देतो तशा. त्या कोणापाशीच नाहीत ना बे!"

शेषराव बाजेवर सावरून बसले. मग सुरू झाले. "अबे दिग्या, हरामखोरा, कुठी मेला होता? मुंडकं हाये का मडकं? तुले बेलिफ कोणत्या गाढवानं केलं?" आवाज फाटका होता, पण काय जोर! शेषरावांची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. भाऊ मान डोलावत होते, मैफलीत बसल्यासारखे.

ऑपरेशन नीट झालं. माणूस वाचला, आवाज गेला.

दिवाळीनंतर शेषराव वाशीमला भाऊंकडे आले. मीही होतो. भाऊंनी एकेक शिवी कापून लॅपटॉपच्या एकेका बटणावर बसवली होती. त्यांनी लॅपटॉप शेषरावांच्या मांडीवर ठेवला. शेषरावांनी भीतभीत एक बटण दाबलं. "अबे दिग्या, हरामखोरा!" खोली दणाणली. भाऊ उसळून म्हणाले, "तू हरामखोर!" शेषरावांनी लगेच दुसरं दाबलं. दोन म्हातारे तासभर कडकडून भांडले. एकाचा आवाज तोंडातून येत होता, दुसऱ्याचा लॅपटॉपमधून.

मग शेषरावांचं बोट कोपऱ्यातल्या एका बटणावर पडलं. अनसिंगला आम्ही आवरत होतो, तेव्हा माइक बंद करायचा राहिला होता. त्यातलं ते बोलणं होतं. हळू, थकलेलं.

"दिगांबर, जेवून जाजो रे. घरी एकटाच खातो तू."

भाऊंची बायको वारल्यापासून त्यांच्या घरी एकच ताट लागतं.

"हे माहंच घर हाये बे," भाऊ पुटपुटले. "जेवून कुठी जाऊ?"

शेषरावांनी तेच बटण पुन्हा दाबलं. भाऊ उठले, स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ नुसताच नळ वाहत राहिला. मग भांड्यांचा आवाज आला आणि आतून हाक आली, "मास्तर, तुमी बी बसा. खिचडी टाकून राह्यलो."