निजवलेलं इंजिन

विमानाचं इंजिन निजवायचं तर आईचं काळीज लागतं, असं मेकॅनिक फार गंभीरपणे सांगत असे. स्वतःची दोन्ही मुलं मात्र त्याने कधी निजवली नव्हती. ते खातं बायकोकडे होतं.

ती बायको आज हँगरमध्ये बॅगेवर बसून होती. कित्येक वर्षांनी दोघं तिच्या बहिणीकडे निघाली होती आणि दिवसाकाठी बस एकच.

"तासाभराचं तर काम," तो म्हणाला.

दातांचे डॉक्टर दोन वर्षं लेकाकडे राहायला चालले होते. तोवर त्यांच्या छोट्या विमानाचं इंजिन गंजू द्यायचं नव्हतं. मेकॅनिकने सिलिंडरांत जाड तेल फवारलं, प्लगच्या भोकांत ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांची बुचं बसवली, धुराड्याचं तोंड बांधलं. आता पंखा तसूभरही हलता कामा नये. हलला की आतले दट्टेही हलतात, तेलाचा थर पुसला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

हात धुऊन तो आला, तर डॉक्टर पंखा गरागरा फिरवत होते.

"डॉक्टर, हे काय चाललंय?"

"निरोप घेतोय. शिवाय जाम नको व्हायला."

"भूल दिलेल्या पेशंटला तुम्ही चालायला लावता का?"

"दातांच्याला लावतो की. पायाला काय झालेलं असतं?" म्हणत डॉक्टर डोळे पुसत निघून गेले.

बुचं काढली, तेल फवारलं, बुचं बसवली. बायकोने बसची वेळ सांगितली. तो चिंध्या टाकून येतो, तोच वॉचमन पंखा पुसताना दिसला. एक पातं लख्ख झालं होतं. दुसरं त्याने फिरवून हाताशी घेतलं होतं.

"अरे बाबा, तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात ना दादा, लक्ष ठेव. धूळ दिसली."

"लक्ष डोळ्यांनी ठेवतात रे."

पुन्हा बुचं, पुन्हा तेल, पुन्हा बुचं. बायकोने आता वेळ सांगणंही सोडलं होतं. शेवटी त्याने पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं : 'पंखा फिरवू नये.'

"झालं एकदाचं," तो म्हणाला. "उचल बॅग."

पातं तिरकं असल्याने पाटी घसरत होती. त्याने ते अलगद उभं केलं, दोरी बांधली, मागे सरून पाहिलं. पाटी अगदी मधोमध आली होती.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही फिरवला तर चालतो का?"

त्याने पाटी पुन्हा एकदा वाचली. मग तो तेलाचा डबा घेऊन आला. तिने बॅग उघडून जेवणाचा डबा काढला.

बस वेळेवर सुटली.