रुचिताच्या टाकीतली उपटाउपटी

"पेणकरपाड्यापासून खारीपर्यंतचा एकही गुन्हेगार माझ्या हातून निसटलेला नाही," असं ईश्वरराव प्रधान छाती फुगवून सांगायचे. खरंच होतं ते. निसटायला आधी कुणी हाती तर लागायला हवं! विमा कंपनीत चौतीस वर्षं लोकांच्या अर्जांवर संशय घेऊन ते निवृत्त झाले आणि मीरा रोडला राहायला आल्यावर त्यांच्यातला गुप्तहेर जागा झाला. त्यांच्या पत्नी नीलिमाताईंनी त्याला परत झोपवायचा पुष्कळ प्रयत्न केला. शेवटी नाइलाजाने त्याच मदतनीस झाल्या, म्हणजे हरवलेलं भिंग शोधून देऊ लागल्या.

जुलैतल्या एका दुपारी वरच्या मजल्यावरची रुचिता धावत खाली आली.

"काका, आजपण! सगळी झाडं उपटलीयत!"

रुचिताने हौसेने माशांची टाकी घेतली होती. त्यात दोन दांडगे शेंदरी मासे, तळाला वाळू आणि वाळूत खरीखुरी हिरवी रोपं. ती बिचारी रोज संध्याकाळी रोपं लावायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुळांसकट पाण्यावर तरंगत असायची. आठवडाभर हेच चाललं होतं.

"माशांनी उपटली असतील," नीलिमाताई म्हणाल्या.

"नीलिमा, माशांना हात असतात का?" ईश्वररावांनी तो विषय तिथेच मिटवला.

मग तर्कांना पूर आला. पहिला संशय हवेच्या पंपावर गेला. पंप बंद केला, तरी रोपं वर. दुसरा संशय रोपं विकणाऱ्या दुकानदारावर. पण तो भाईंदरला बसून इथली रोपं कशी उपटणार, याचं उत्तर मिळेना. मग ईश्वरराव स्वतः दोन दिवस टाकीच्या काचेला भिंग लावून बसले. एक पान हललं नाही. तिसऱ्या दिवशी ते चहाला उठले, घरकामाला येणारी शांती लादी पुसायला आली आणि पाच मिनिटांत तीन रोपं वर!

"गुन्हेगार सापडला!" कप तसाच टाकून ते ओरडले. "गुन्हा फक्त शांती असतानाच घडतो!"

शांती चौक नावाच्या कोळी गावची. पावसाळ्यात मासेमारीच्या बोटी बंद असल्या की दोन बस बदलून यायची आणि या बिल्डिंगमधली पाच घरं करायची. पाचांतलं एक नीलिमाताईंचं.

रुचिता चाचरत म्हणाली, "मावशी, उद्यापासून... नका येऊ."

शांतीने फडकं बादलीत टाकलं. "एका घरानं काढलं की पाची बंद होतील माझी. तुमच्या कपाटाला मी कधी हात लावला न्हाय, तुमच्या गवताला लावीन?" मग तिने टाकीकडे नीट पाहिलं. "साहेब, तुम्ही बसलेलात कुठं?"

"इथे. काचेला नाक लावून."

"अगो बाय! एवढा डोळा बघून मासली जागची हलंल का? सगळ्यांनी तिकडं तोंड करा. मी पुसते."

सगळे पाठमोरे झाले. नीलिमाताईंना मात्र समोरच्या बंद टीव्हीच्या काळ्या काचेत टाकी लख्ख दिसत होती. मोठ्या माशाने इकडेतिकडे पाहिलं, तोंडभर वाळू उचलली आणि बाजूला थुंकली. परत उचलली, परत थुंकली. शेजारचं रोप डुललं, आडवं झालं आणि वर आलं.

"अहो, हात नसतात त्यांना," नीलिमाताई हसत सुटल्या. "तोंड असतं!"

"पोट बघा तिचं, गाबोळी भरलीय," शांती म्हणाली. "अंडी घालायला खड्डा करते. या दिवसांत आमचं गावच्या गाव बोटी वर काढून बसतं, मासलीला निवांतपणा मिळावा म्हणून. आणि तुम्ही तिच्या बाळंतपणाच्या खोलीत बाग लावता!"

रुचिताने कान पकडून माफी मागितली. नीलिमाताईंनी माळ्यावरची संक्रांतीची कोरी सुगडं आणली. शांतीने त्यांत रोपं लावली, वरून जड गोटे दाबले आणि सुगडं टाकीत एका कडेला ठेवली. त्यानंतर एकही रोप वर आलं नाही. आठवड्याने अंडीही दिसली.

"पिल्लं मी स्वतः बघणार," ईश्वररावांनी जाहीर केलं.

"बघा की," शांती म्हणाली. "पण मासली पुसणाऱ्याला घाबरत न्हाय. हातात फडकं घ्यावं लागंल."

"अर्थात! वेषांतर!"

दुसऱ्या दिवशी नीलिमाताई वर गेल्या आणि दारातच थबकल्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण हे दृश्य त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. प्रधान गुप्तहेर गुडघ्यांवर बसून तिरक्या नजरेने टाकीवर पाळत ठेवत लादी पुसत होते. शांती रुचिताशेजारी सोफ्यावर बसून चहा पीत होती.

"साहेब, तो कोपरा राहिला," ती म्हणाली.

नीलिमाताई आवाज न करता मागे फिरल्या आणि चप्पल घालून थेट भाईंदरच्या दुकानात गेल्या. आपल्याही घरी एक टाकी हवीच होती, चांगली मोठी.