जावईबापूंनी चेन काढली

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवशी जावयाला काम सांगायचं नसतं, आणि त्यानं आपणहून हाती घेतलं तर अडवायचंही नसतं. म्हणून शकुबाई आंघोळ करून बाहेर आली आणि राजदीप तिच्या सायकलची चेन काढून बसलेला दिसला, तेव्हा तिनं जीभ दातांखाली धरली.

"लई मळली होती, आई. दहा मिनिटांत चकाचक करून देतो," जावई म्हणाला. चंद्रपुरात मोबाईलच्या दुकानात बसणारा माणूस. हाताला काळं लागलं याचाच त्याला केवढा आनंद.

शकुबाई नवऱ्याकडे वळली. "रिनाचे बाबा, मले माहेरी जायचं हाये. ठाऊक नाई काय तुमाले?"

"मी का केलो?" नथ्थू म्हणाला.

"काईच नाई केले. थेच तं."

माहेर चार किलोमीटरवर. तिथल्या मंडईला भावाच्या घरी वड्यांचा पहिला घाणा शकुबाईच्या हातचा, ही तीस वर्षांची रीत. दहाला तेल तापतं. ती पोचली नाही तर भावजय सीता वडे सोडणार, आणि पुढच्या वर्षी शकुबाईला कोणी विचारणार नाही. तिचे गुडघे सायकलवर कुरकुरत नसत. पायी मात्र नाल्यापर्यंतही नेत नसत.

भांड्याच्या पावडरीनं चेन चांदीसारखी निघाली. आता तेल. रिनानं नवऱ्याला मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या तेलाची बाटली दिली. राजदीपनं शकुबाईच्याच कढईत तेल गरम केलं, चेन आणि तिची दोन टोकं जोडणारं लॉक भज्यांसारखं आत सोडलं आणि कढई खाली उतरवली. "मुरू द्या," म्हणाला. तेवढ्यात चहा आला, चिवडा आला. जावई खात असताना घाई कोण करणार?

खाणं आटोपेपर्यंत कढईत पांढरी वडी जमली होती आणि चेन तिच्या पोटात.

"टोळीचं तेल थंडीत गोठते, हे शेंबड्या पोराले समजते," शकुबाई नवऱ्याला म्हणाली. "तुमाले काऊन समजत नाई?"

"मले समजते."

"मंग बोलत काऊन नाई?"

"तू बोलू देशीन तं."

राजदीपला कान होते. त्यानं घाईघाईनं कढई पुन्हा चुलीवर चढवली आणि सांडशीनं चेन उचलली. चेन आली, नखाएवढं लॉक मात्र घसरून निखाऱ्यांत पडलं. ते शोधायला त्यानं काडी घातली, तशी राख उडाली आणि तेलकट चेनीवर बसली. चेन आता धुण्याआधी होती त्याहून काळी. लॉक सापडलंच नाही. सव्वानऊ झाले होते, आणि सायकल दुरुस्त करणारा लटारू केव्हाच मंडईला गेला होता.

"आई, बसा सायकलवर," राजदीप खाली मान घालून म्हणाला. "मी ढकलतो."

सासूला जावयानं ढकलत न्यायचं. शकुबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. पण याचा दोष त्याच्यावर कसा ढकलावा ते तिलाही सुचेना. ती बसली.

मंडईचा रस्ता माणसांनी भरलेला. सगळे थांबून पाहू लागले. वाटेत लटारूच भेटला, पण अवजारं दुकानात ठेवून निघालेला.

"शकुबाई, डायवर ठेवला काय?"

तिनं नजर समोर ठेवली. उतारावर सायकल पुढे आणि जावई चप्पल हातात घेऊन मागे पळत, असे ते माहेरी पोचले.

सीता कढईपाशी बसली होती, तळहातावर थापलेला वडा. तो तसाच राहिला.

"हे का वं, बाई? जवाई ढकलत आणून राह्यले तुमाले?"

शकुबाई उतरली. पदर सारखा केला.

"का करू, सीता? मी म्हटलो, चालत जातो. जवाईबापू आयकतच नाई. आईनं पाय भुईले लावाचा नाई म्हणे."

सीतेनं वडा ताटात ठेवला आणि जागा करून दिली. मग तिनं खाटेवर पडून मोबाईल पाहणाऱ्या स्वतःच्या जावयाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तो पाय पोटाशी घेऊन उठून बसला.

दुपारी परत निघताना शकुबाईची सायकल ढकलायला दोन जावई होते.