मँगनीजचं नुकसान आम्ही शून्यावर कसं आणलं

नुकसान मोजल्याशिवाय होत नाही, हे कोणत्याही सुव्यवस्थित कचेरीला मान्य करावं लागतं. आमच्या कंपनीने ते १९९८ साली मान्य केलं. त्या कार्यात समितीचा सचिव म्हणून माझाही वाटा होता, याचा मला अभिमान आहे.

कंपनीची मँगनीजची उघडी खाण देवळ्याच्या पलीकडे होती (भूगोलाच्या पुस्तकात शोधू नये, पुस्तकं जुनी असतात). कचेरी मात्र गंगापूर रोडला, कारण खाणीत धूळ फार. काम सोपं होतं. सुरुंग लावायचा, मग खनिज कारखान्याच्या गाडीत भरायचं आणि टाकाऊ दगड टेकडीमागच्या ढिगावर टाकायचा. अडचण इतकीच, की मँगनीज काळं आणि आमच्याकडचा साधा दगडही काळा. बरंचसं खनिज ढिगावरच जाई. या तुटीसमोर आमचे भांडारपाल बहिरूतात्या (मूळचे कांद्याच्या खळ्यावरचे) दरवर्षी 'वाळल्यामुळे घट' असं लिहीत. दगड वाळतो का, असं कुणी विचारलं नाही. माल ठेवला की वाळतो, हे नाशिक जिल्ह्यात पोराटोरांनाही ठाऊक आहे.

असं सगळं सुरळीत चालू असताना रंगूबाई ढिगावर कामाला लागली.

तिने तीस वर्षं कांदा निवडला होता. आतून सडलेला कांदा ती नुसता हातात घेऊन ओळखायची. दगडांचंही तिने तेच केलं. जड ते खनिज, हलका तो दगड. रोज चाळीस घमेली खनिज ती ढिगातून वेचून काढू लागली. वर्षाअखेर आकडा आला बारा हजार घमेली. कंपनी हादरली, कारण तोवर आमचं नुकसान शून्य होतं (घट वगळून).

ताबडतोब समिती नेमली. अध्यक्ष शेखरसाहेब. बैठका सात, पाहणी दौरा एक (वाटेत वणीला देवीचं दर्शन झालं, खाण वेळेअभावी गाडीतूनच पाहिली). सातव्या बैठकीला रंगूबाईला बोलावलं. ती एसटीने आली. पदरातले दोन दगड तिने टेबलावर ठेवले आणि उचलून बघा म्हणाली. कुणी उचलले नाहीत.

"साहेब, मला ढिगावर नका बसवू. खाली खाणीत उभी करा. गाडी भरायच्या आदीच सांगत जाईन, हे घ्या, हे नका घेऊ. लय माल वाया चाललाय."

"रंगूबाई, तुम्ही यायच्या आधी किती वाया जात होता?" शेखरसाहेबांनी विचारलं.

"तवा कोन मोजत व्हतं?"

"म्हणजे शून्य," साहेब म्हणाले. मी तसं लिहून घेतलं.

रंगूबाई आमच्या तोंडांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "साहेब, मला काढू नका. घरात माझ्या एकटीचाच हात चालतो."

समितीने भावनेच्या आहारी न जाता निष्कर्ष काढले. नुकसान रंगूबाईच्या नेमणुकीपासून सुरू झालं. तिच्या हजेरीच्या प्रमाणात ते वाढत गेलं. मुलीच्या लग्नासाठी ती आठ दिवस रजेवर होती, त्या आठ दिवसांत ते संपूर्ण थांबलं. इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. एक तारखेपासून तिला कमी केलं. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण इतिवृत्तात त्याला रकाना नव्हता.

पुढच्या वर्षी नुकसान शून्य. शेखरसाहेबांना शाल, श्रीफळ आणि बढती मिळाली. २००३ साली खाणीतलं खनिज संपलं. टेकडीमागचा ढीग आता टेकडीपेक्षा उंच आहे.

रंगूबाई हल्ली गंगापूर रोडला धुण्याभांड्याची कामं करते. तुमच्याकडेही येते ती. गेल्या महिन्यात ती तुम्हाला दोनदा म्हणाली, मोरीतला नळ गळतोय. दुसऱ्यांदा तुम्ही तिला काय सुनावलंत, ते मी इथे लिहीत नाही. त्या दिवसापासून ती काही बोलत नाही, आणि तुमचा नळही गळत नाही.