दाजींचे गोडे पोहे

यजमान आपल्याच स्वयंपाकाला नावं ठेवायला लागला की पाहुण्याने काय करायचं असतं, हे वयाच्या चाळिशीपर्यंत मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या कोल्हापूरकडे यजमान वाटीत तांबडा रस्सा ओततो आणि मिशीवरून हात फिरवत विचारतो, “कसा झालाय?” आपण म्हणायचं, “एक नंबर.” विषय संपला. मालवणात हे सगळं उलटं असतं, आणि बदलीच्या हुकमात बँकेने तसं काही लिहिलं नव्हतं.

बदली झाली ती दिवाळीच्या तोंडावर. इकडे दिवाळीचा पहिला दिवस पोह्यांचा. पहाटे आंघोळ करायची, तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कडू कारीट फोडायचं आणि मग घरोघर पोहे खात हिंडायचं. गोडे, तिखट, दह्यातले, दुधातले, नारळाच्या रसातले. सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. तीन घरं करून आम्ही नवराबायको शेजारच्या दाजींकडे पोचलो, तेव्हा मला श्वास घेताना पोहे आड येत होते.

दाजी प्रत्येकाच्या पानावर वाढत होते आणि डावागणिक म्हणत होते, “आज काय खरा नाय. गूळ फुडे गेलो. आज काय खरा नाय.”

“काय सांगतास दाजी! अमृत झालेत!” पंगत एका सुरात म्हणत होती.

दाजी माझ्यापाशी आले. “काय जावयानू? आज काय खरा नाय, न्हय?”

आता या माणसाच्या मताला मान द्यावा, एवढाच माझा हेतू होता. मी म्हणालो, “हो ना. जरा जास्तच गोड झालेत.”

पंगत थांबली. माझी बायको शालन वेंगुर्ल्याची, म्हणजे या भागातलीच, म्हणून मी इकडचा जावई. तिने मला उघडउघड चिमटा काढला. दाजींनी डाव टोपात ठेवला, माझ्यापुढे वाकले आणि मधल्या बोटाचं पेर माझ्या डोक्यावर टक्कन मारलं. मान तिरकी करून आवाज ऐकला.

“शाली,” ते म्हणाले, “तुझो घोव घाटी आसा, पण आतसून भरलेलो आसा गो.”

दाजींचा नारळाचा व्यापार होता हे मला नंतर कळलं.

उभा जन्म नारळ वाजवून घेण्यात गेल्यामुळे त्यांना जगात नारळाखेरीज दुसरं काही दिसत नसे. माणसंही त्यांच्या लेखी ढिगातलीच. फार बोलणारा म्हणजे शहाळं, नुसतं पाणी. चिक्कू माणूस म्हणजे गोटा, कारण त्याचं खोबरं सुटं झालेलं असतं पण करवंटीबाहेर येत नाही. उतारवयात लग्न केलेल्या आमच्या घरमालकांना ते “कोंब इलेलो” म्हणत, तेही त्यांच्या तोंडावर.

लोकांना जेवायला बोलावण्याची त्यांना भयंकर हौस. आमंत्रण मात्र दमदाटीच्या सुरात येई. “रविवारी सुरमय हाडतंय. गपचूप येवन जेवा. ‘कशाक त्रास’ म्हटलास तर काटे वाढीन.” एकदा आमचे मॅनेजर साहेब त्यांच्याकडे जेवायला बसले. साहेब मूळचे पुण्याचे. सोलकढीचा पहिला घोट घेऊन त्यांनी तिच्या रंगावर, पाचकपणावर आणि एकूण कोकणी संस्कृतीवर बोलायला सुरुवात केली. दाजींनी थोडा वेळ ऐकलं आणि साहेबांच्या पुढ्यातलं पान उचललं. “बोलाक फुरसत गावली, म्हणजे पॉट भरला.” साहेबांनी त्या रात्री आमच्याकडे येऊन पिठलंभात खाल्ला. एक शब्द बोलले नाहीत.

त्या चुकीच्या उत्तरामुळे मी मात्र दाजींचा कायमचा चाखणारा झालो. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा गडगा होता, कमरेएवढी बुटकी भिंत. संध्याकाळी मी बँकेतून येऊन शर्ट काढतोय तोच गडग्यावरून हाक येई, “ओ जावयानू!” पाठोपाठ ताटली झाकलेलं एखादं टोप. मी चाखायचं आणि खरं सांगायचं. खोटं बोललो की त्यांना कळे. मग डोक्यावर टक्.

“बापयमाणूस असून चुलीकडे कसे काय रमतात हो?” मी एकदा शालनला विचारलं.

“रमतत खंय,” ती म्हणाली. “काकी गेली, म्हणान शिकले. आदी चायसुदा करूक येय नव्हती तेंका.”

काकी, म्हणजे दाजींच्या पत्नी, आम्ही यायच्या आधीच वारल्या होत्या. एकुलती एक मुलगी कुसूम लग्न होऊन मुंबईला, परळात. आई गेल्यापासून ती माहेरी आली नव्हती. दर दिवाळीला काहीतरी निघे. पोराची परीक्षा, नवऱ्याची रजा, एस.टी.चं रिझर्वेशन. दाजी आम्हाला ही कारणं हसत हसत सांगत. “परळात कोणाकोणाच्या परीक्षा दिवाळीतच येतत!” आणि सांगून झालं की अडाळ्यावर बसून नारळ खवायला लागत. खोबरं संपून करवंटीचा भुसा पडायला लागला तरी हात चालूच.

आमच्या तिथल्या तिसऱ्या दिवाळीला मुंबईहून आलेल्या कुणाबरोबर निरोप आला. कुसूम येतेय. नवरा, मुलं, सगळी.

दाजी त्याच संध्याकाळी गडग्याशी आले. टोपात गोडे पोहे.

“तिच्या आयेचे हात व्हये,” ते म्हणाले. “चेडवान पान फुडे घेतल्यार तिका वाटाक व्हया, आये रांदपाच्या खोलीत आसा.”

“पण दाजी, मी काकींच्या हातचे कधी खाल्लेच नाहीत. मला काय कळणार?”

“तेच तर व्हया माका. माजी जीभ आता लबाड झाली. मी कायव केलंय तरी सांगता, तिच्यासारखाच जमला. माजी समजूत घालता ती. तुमची जीभ परकी आसा. तिका कोणाची आठवण येवची नाय.”

मग त्यांनी मला ती चव शिकवली. पहिल्यांदा नारळ लागला पाहिजे. मागाहून वेलची. आणि गूळ? गूळ तोंडात असताना कळताच कामा नये. खाऊन उठलं, हात धुवायला गेलं, की मग तो यायचा.

तेव्हापासून आमचा रोजचा कार्यक्रम ठरला. मी गडग्याशी उभा राहून पोहे खायचे, मागच्या दारी नळावर जायचं, हात धुवायचे आणि तसंच थांबायचं. गडग्यावरून दाजी विचारायचे, “इलो?”

“नाही आला.”

“जरा रवा. येतलो.”

मी ओले हात घेऊन उभा. घरमालकांना वाटलं, आमच्याकडे कुणीतरी चोरून येतं. त्यांनी दोनदा नळापाशी येऊन इकडेतिकडे पाहिलं. कधी गूळ पानावरच यायचा, कधी वेलचीच पुढे धावायची. माझ्या पँटची बटणं लागेनाशी झाली. शालन म्हणाली, “घरात माझो सयपाक वाया जाता. दाजींकडेच नाव घाला तुमचा.” दिवाळीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत गूळ काही वेळेवर आला नाही. दाजी टोप घेऊन आत गेले.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा पानं मांडलेली होती. कुसूम दाजींसारखीच उंच. पण रात्री आल्यापासून ती पडवीतच होती, स्वयंपाकघराकडे फिरकली नव्हती. दाजी वाढायला आले. गोडे पोहे सगळ्यांत शेवटी. मी वाट पाहत होतो, पण “आज काय खरा नाय” आलंच नाही.

मुलं खायला लागली. दाजींचे खरे जावई खायला लागले. कुसूम पानाकडे बघत बसली. मग तिने एक घास घेतला. बराच वेळ चावला.

“बाबानू,” ती म्हणाली, “ही आयेची चव नाय.”

जावयांना ठसका लागला. मी उसळीतले वाटाणे न्याहाळू लागलो. हा प्रामाणिकपणा माझ्याकडून झाला असता तर शालनने मला उभा चिरला असता.

“नाय?” दाजी म्हणाले.

“नाय. जवळपाससुदा नाय.”

दाजी होते तिथेच, डावासकट, जमिनीवर बसले. “माका वाटलाच. रोज करी हुतंय गो. जमाक नाय.”

“बरा झाला जमाक नाय ता!” कुसूम एकदम म्हणाली. “तीच चव आसती तर माजो घास उतारलो नसतो. तेच्याच भियान येय नव्हतंय मी. दर दिवाळीक बॅग भरलंय नि परत खोललंय. ह्येंका विचारा.” जावयांनी ठसक्यातूनच मान हलवली. “ही तुमची चव आसा. माका ठावक नव्हती. ही माका खावक येता.”

तिने दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. नाक ओढलं.

“गिच्च झालेत जरा,” ती म्हणाली. “वाढा आणखी.”

दाजींना काही उठवेना. त्यांनी डाव पुढे केला, पण तो रिकामाच होता. शेवटी कुसूमच उठली आणि तरातरा स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. “बाबानू, साखरेचो डबो हंय कित्याक ठेवलास? मुंगये लागले मरे!” दाजी “इलंय, इलंय” करत गुडघ्यावर हात टेकून उठले आणि लगबगीने तिच्या मागे गेले. बापलेकीचं आत जे भांडण जुंपलं ते काही लवकर संपण्यातलं दिसेना, म्हणून आम्ही हळूच निघालो.

घरी पोचलो. मी बाकावर बसलो, पँटचं बटण सोडलं. आज आपण एक शब्द बोललो नाही याबद्दल निदान शाबासकी तरी मिळेल, अशी माझी आशा होती.

“वेंगुर्ल्याक बाबांका निरोप धाडा,” ती म्हणाली. “सांगा, परवा जेवक येतोंव. आये गेल्यापासून मी दर खेपेक डबे भरून न्हेतंय. आता कायएक न्हेवचंय नाय. तेंनीच रांदूक व्हया.”

“त्यांना येतं काही करता?”

“कायएक येणा नाय,” ती म्हणाली. “आपण खावया.”