मास्तरांनी वही काढली की

"हलू नकोस हं, अगदी तश्शीच बस," असं भिकाजी मास्तर म्हणाले आणि दमयंतीबाई खोवणीवर नारळाची वाटी धरून तश्शाच बसल्या. नवऱ्याचा शब्द त्यांनी इतका मनावर घेतला, की चुलीवरचा भात आधी उतू गेला, मग आटला, मग बुडाला लागला, तरी बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी वासाने शेजारच्या यमुनाबाई धावत आल्या.

"अगो, भात करपला की तुझा!"

"मला हलता येत नाही," दमयंतीबाई ओठ न हलवता म्हणाल्या. "माझं चित्र चाललंय."

मास्तरांचाही नाइलाज होता हो. रत्नागिरीच्या एका शाळेत ते दोन वर्षं ड्रॉइंग शिकवत होते, पण हंगामी. कायम व्हायचं तर माणसांची दहा चित्रं मुंबईच्या तपासनीस साहेबांकडे पाठवून पास व्हायला हवं होतं. गेल्या साली पाठवलेली दहाच्या दहा परत आली. वर शेरा होता, 'घागर, झाड, गाय उत्तम. माणसे निर्जीव.' यंदाही तेच झालं तर जागा दुसऱ्याला जाणार आणि मास्तर मुंबईला मामांच्या वखारीत लाकडं मोजायला जाणार, हे ठरल्यासारखंच होतं.

म्हणून दर रविवारी संध्याकाळी मास्तरांच्या ओटीवर तिघांची बैठक बसे. लवू हा नाटकाचे पडदे रंगवणारा आणि महिपत दवाखान्यातला कंपाउंडर. दोघांनाही चित्रकलेचं वेड होतं. प्रत्येकाने आठवड्याची चित्रं मांडायची आणि बाकीच्या दोघांनी आधी एक गुण सांगायचा, मग दोष सांगायचे, असा नियम होता. महिपत नियम कधी मोडत नसे. त्या रविवारीही त्याने दमयंतीबाईंचं चित्र उजेडात धरून नीट पाहिलं.

"कागद चांगला आहे," तो म्हणाला. "आता दोष. वहिनींचा उजवा खांदा निखळलाय, मान लचकलीय आणि चेहऱ्यावरून तीन दिवस पोट साफ नसावं."

"अरे, कंपाउंडर आहेस की कसाई?" लवू म्हणाला.

"खरं ते सांगतोय. भिकाजी, माणसाला सांगून काढलंस की तो फोटोला बसल्यागत बसतो. न सांगता काढ. साठ आकडे मोजून होईपर्यंत जेवढं येईल तेवढं काढायचं आणि पुढच्या माणसाकडे वळायचं. जा मांडवीला. तिथे कोणाला थांबायला सवड आहे?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर मांडवी बंदरावर गेले. मुंबईची बोट लांब समुद्रात नांगरून उभी होती, पडाव उतारूंना आणत-नेत होते, हमालांची धावपळ चालली होती आणि कोळणींच्या टोपल्यांभोवती ही गर्दी! मास्तर एका दोरखंडाच्या ढिगावर बसले आणि मनात आकडे मोजत सपासप रेघा ओढू लागले. सगुणा कोळीण टोपली उचलायला वाकली होती, तिला त्यांनी पंचावन्न आकड्यांत पकडलं. तेवढ्यात ती मागे येऊन कधी उभी राहिली ते त्यांना कळलंच नाही.

"ही मी काय वो मास्तर?"

मास्तर दचकले. "हो... म्हणजे... घाईत काढलंय."

"मंग ह्या बाईचा पाय असा का? अशी वाकलंय तर तोंडघशी टोपलीत जाईन. हे बगा." सगुणाने पदर खोचला आणि टोपली उचलून दाखवली. "आदी टाच रोवायची, मंग गुडगा, मंग कंबार. भार हितं येतो, हितं."

मास्तरांनी पुसून टाच रोवली आणि काय सांगावं, कागदावरची बाई खरोखरच टोपली उचलू लागली! दोन वर्षं पुस्तकातून जे उमगलं नव्हतं ते सगुणाने एका टोपलीत शिकवलं. मास्तरांना इतका आनंद झाला, की त्या भरात त्यांच्या तोंडून नको ते निघून गेलं. "सगुणा, हे चित्र शनिवारच्या बोटीने मुंबईला जाणार!"

झालं! आता मांडवीच्या निम्म्या बायकांचे नवरे मुंबईला, कोणी गोदीत तर कोणी गिरणीत. सगुणाचा दादूही गोदीतच. मुंबईला चित्र जाणार म्हणजे ते आपल्या माणसाच्या नजरेला पडणार, यात कोणाला शंकाच वाटली नाही. मुंबई ती केवढी असणार? गेली चार वर्षं दादूने बायकोला शिमग्यापुरतंच पाहिलं होतं. बातमी घरोघर गेली आणि दुसऱ्या दिवशी मास्तर बंदरावर येतात तो काय! सगुणा लग्नातलं लुगडं नेसून, नाकात नथ घालून टोपलीशेजारी खांबासारखी उभी. गंगुबाईने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून श्वास रोखलेला. बाबल्या हमाल डोक्याला फेटा बांधून, छाती फुगवून पोत्यावर बसलेला.

"अहो, कामं करा ना आपापली!" मास्तर कळवळून म्हणाले.

"काम काय, रोजचंच हाय," बाबल्या छातीतला वारा न सोडता म्हणाला. "तुमी काडा."

मास्तर जागा बदलून होडीआड गेले, तर मांडवी होडीपुढे येऊन उभी राहिली. ते छत्री उघडून तिच्याआड बसले, तर लोक छत्रीकडे तोंड करून उभे राहिले. वही दिसली की हमालाच्या पाठीवरचं पोतं खाली यायचं आणि तांडेलाच्या हातातली वल्ही थांबायची. बुधवारी तर बोटीवरचे उतारू अर्धा तास हात हलवत बसले आणि किनाऱ्यावरची माणसं सुरेख उभी! बोटीच्या एजंटाने थेट हेडमास्तरांकडे तक्रार केली.

हेडमास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भिकाजीपंत, तुमच्यापायी पुन्हा बोट खोळंबली तर कायम होणं राहू द्या, हंगामीही उरणार नाही."

पास होण्यासारखं एकही चित्र हाती नव्हतं. होतं ते सगुणाचं टोपलीवालं, तेही गंगुबाईच्या हातातून फिरता फिरता कोळंबीच्या पाण्यात पडून गेलं. मास्तर ओटीवर डोक्याला हात लावून बसले. "वखार," ते म्हणाले. "वखारच आहे माझ्या नशिबात."

"गप रे," लवू म्हणाला. "उद्या शुक्रवार, बोट नाही. मी पुढे बसतो मोठा फळा घेऊन. त्यांना चित्रकार हवाय ना? मी बसतो चित्रकार होऊन. तू मागे जा."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर लवूने वाळूत फळा लावला आणि अंगठा वर धरून एक डोळा मिटला. मांडवी झाडून सगळी त्याच्यापुढे ओळीने उभी राहिली. मास्तर गुपचूप मागच्या बाजूला गेले आणि पाहतच राहिले. पुढून सगळे देव्हाऱ्यातल्या मूर्ती, पण मागून? मागून एकेक माणूस जिवंत! बाबल्याची छाती पुढे फुगलेली, पण मागे हात कमरेचं धोतर सावरतोय. गंगुबाई एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवतेय. सगुणाने शेजारणीचा पदर मुठीत घट्ट आवळून धरलाय. मास्तरांनी आकडे मोजायला सुरुवात केली. साठ, पुन्हा साठ, पुन्हा साठ. सूर्य बुडेपर्यंत दहा पाठी वहीत उतरल्या होत्या.

शनिवारी यमुनाबाईंचा जावई मुंबईला निघाला होता, त्याच्या हाती पुडकं द्यायचं होतं. पण बंदरावर सगुणाने मास्तरांची वाट अडवली. लवूच्या फळ्यावर कालपासून एक नारळाचं झाड सोडून काही नाही, हे तिला कळलं होतं. "दाखवा बगू काय काडलाव ते." तिने पुडकं सोडलंसुद्धा.

"अगो बाय! ह्याला तोंडंच नायत!"

मग जो गलका उठला! सगळी मांडवी चित्रांवर वाकली. "ही कोण?" "वळखलंस नाय? ही पोटरी गंगुबाईचीच!" "बाबल्या, धोतार सांबाळ रे!" "मी असा उबा ऱ्हातो? छ्या!" "असाच ऱ्हातोस, तुज्या बायकोला विचार!" एकाही चित्राला चेहरा नव्हता, तरी प्रत्येक जण ओळखला जात होता. महिपत गर्दीत उभा राहून ऐकत होता. त्याने मास्तरांचा खांदा दाबला आणि आयुष्यात पहिल्यांदाच दोष सांगायला विसरला.

सगुणा मात्र आपला कागद घेऊन बाजूला उभी होती. मास्तर तिच्याजवळ गेले. "सगुणा, चुकलंच माझं. दादू कसा ओळखणार तुला?"

"तोच वळखंल," सगुणा हळूच म्हणाली. "शिमग्यानंतर तो पडावात बसला की मी तोंड फिरवून उबी ऱ्हातंय. रडताना कशाला बगूदे त्याला? दर साली त्याला माजी पाठच दिसती." तिने कागद पुढे केला. "घ्या. सायबाला धाडा."

मास्तरांनी कागद हातात घेतला. दहातलं ते सर्वांत चांगलं चित्र होतं. ते गेलं तर नऊ उरत होती आणि नऊला साहेब विचारणार नव्हते. तरी त्यांनी तो कागद वेगळा गुंडाळून जावयाच्या हातात दिला. "हा साहेबांना नको. गोदीत सगुणाच्या दादूला नेऊन दे."

तांडेल ओरडू लागला. एजंटाने घड्याळ बाहेर काढलं. मास्तरांनी वही उघडली. मांडवी अजून चित्रांवर वाकून कचाकचा भांडत होती. बोटं नाचत होती, गंगुबाई तोंड उघडून हसत होती, बाबल्या कपाळावर हात मारत होता आणि मास्तरांकडे कोणाचंही लक्ष नव्हतं! त्यांनी आकडे मोजले नाहीत. महिपतने लोकांच्या हातांतून नऊ कागद सोडवून पुडकं जावयाला दिलं आणि पडाव सुटता सुटता मास्तरांनी दहावा कागद फाडून त्याच्याकडे फेकला.

दीड महिन्याने साहेबांचा शेरा आला. 'माणसे सजीव. दहावे चित्र विशेष. उमेदवार पास.' दमयंतीबाईंनी तो तीन वेळा वाचून घेतला आणि डोळ्यांना पदर लावला. शिमग्याला दादू आला तो सांगतच आला, की कागद खोलीच्या भिंतीवर लावलाय आणि रोज कामावरून आलं की सगुणा बंदरावर उभी असल्यासारखी वाटते. ती गोष्ट मांडवीत घरोघर झाली.

पुढच्या सोमवारी कायम झालेले भिकाजी मास्तर ऐटीत बंदरावर गेले. आता चेहरे काढायचे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी वही काढली मात्र, सगळ्या कोळणी, हमाल, तांडेल, झाडून सारे त्यांच्याकडे पाठ करून खांबासारखे उभे राहिले. "काडा, मास्तर!" बाबल्या पाठमोराच ओरडला.

मास्तर वळसा घालून पुढच्या बाजूला गेले, तर मांडवीही फिरली.